ऐकलेले गाणे मुलांच्या स्वभावात आणि श्रद्धेत किती उतरते?

प्रश्न:
नमस्कार. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. शाळेतून आल्यापासून जेवायला हाक मारेपर्यंत त्याच्या कानात गाणी असतात. मध्यंतरी सहज ऐकून पाहिले, तर त्यांत बायकांविषयी जे शब्द होते ते मला इथे लिहिता येणार नाहीत. चाल मात्र पकड घेणारी होती. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना ती माझ्याच ओठांवर आली आणि मी दचकले. माझ्या माहेरी रोज दिवेलागणीला हरिपाठ होत असे. त्या वयात अर्थ कळत नव्हता, तरी आज अडचणीत तोंडी येतात त्या त्याच ओळी. उद्या माझ्या मुलाच्या तोंडी काय येईल? ही गाणी बंद करावीत का?

प्रतिसाद १:
ताई, बंदी घालू नये असे मला वाटते. हरिपाठ तुमच्यात मुरला, कारण तुम्ही तो रोज घरच्यांसोबत स्वतःच्या तोंडाने म्हणत होता. आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही; गावकरी पहारे वाटून घेतात. मी चौदा वर्षांचा असताना पहाटेचा पहारा माझ्याकडे आला. आधीच्या पहाऱ्याला उभे असलेले सत्तरीचे आजोबा माझ्या गळ्यात वीणा घालून वाकले आणि माझ्या पाया पडले. मी मागे सरकलो, तेव्हा म्हणाले, “वीणा आहे ना गळ्यात? उभा राहा.” समोरच्या माणसात विठ्ठल पाहावा हे मी कीर्तनात कितीदा तरी ऐकले होते, पण अंगात शिरले ते त्या पहाटे. भजनाला उभे राहिल्यावर टाळकरी दोन्ही बाजूंना समोरासमोर असतात. एकाने चरण म्हणायचा आणि सर्वांनी ध्रुपद उचलायचे, त्यामुळे ज्याचा गळा गोड त्यालाही थांबून इतरांना वाट द्यावी लागते. हात घाईला आला की पखवाजवाला नुसती मान वर करून पाहतो आणि आपण सावरतो. हे वळण एकट्याने ऐकलेल्या गाण्यातून लागत नाही.

प्रतिसाद २:
वरील म्हणणे पटते, परंतु शब्दांचे वजन कमी लेखू नये. आमचे घर बौद्ध आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, पण अक्षरओळख नसलेल्या माझ्या आजीपर्यंत तिचा अर्थ पोहोचला तो गाण्यांतून: आधी जलसे, पुढे गायनपार्ट्या आणि वामनदादा कर्डकांसारखे लोककवी. आजीने नवस सोडले आणि माझ्या आईला शाळेत घातले; कोणी कारण विचारले की ती समजावत बसत नसे, भीमगीताचे एक कडवे म्हणत असे. त्यांतल्या कित्येक गीतांच्या चाली त्या काळच्या सिनेमातल्याच होत्या. तीच चाल, पण शब्द बदलले आणि मान खाली घालून चालणारी बाई ताठ चालू लागली. म्हणून दोष चालीला देऊ नये, ती काय वाहून आणते ते पाहावे.

प्रतिसाद ३:
एक कटू गोष्ट सांगतो. आमच्या भजनी मंडळातला सर्वांत सुरेल गळा घरी बायकोवर हात उचलत असे. तुकोबांनीही हरिकथेसाठी द्रव्य घेणाऱ्या आणि देणाऱ्या दोघांनाही अधोगती सांगितली आहे, म्हणजे तोंडी नाम असूनही माणूस घसरतो हे त्यांना ठाऊक होते. मुलाला भजनाला अवश्य न्यावे, पण आधी त्याच्या आवडीचे एक गाणे त्याच्यासोबत बसून कागदावर उतरवावे आणि चालीशिवाय वाचावे.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघे वही घेऊन बसलो. तिसऱ्या ओळीला त्याने पेन खाली ठेवले आणि म्हणाला, “आई, हे मी तुझ्यासमोर वाचणार नाही.” मी आग्रह केला नाही. येत्या एकादशीला माहेरी जात आहोत. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक कशासाठी लावतात, हे त्याला स्वतः पाहायचे आहे.