युद्धानंतरचा देश : आधी निवडणूक की आधी कचेरी?

अमळनेर (प्रश्न) :
मी राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. आग्नेय आशियातील पूर्व तिमोर या छोट्या देशाचा कारभार १९९९ पासून संयुक्त राष्ट्रांनी पाहिला, निवडणुका घेतल्या आणि २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला. तरीही चारच वर्षांत, सुमारे सहाशे सैनिकांना काढून टाकल्याच्या वादातून लष्कर आणि पोलीस एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. अशा देशात आधी निवडणूक घ्यावी की आधी शासनयंत्रणा उभारावी?

धुळे (कोषागारातून सेवानिवृत्त) :
ताई, माझ्या मते सुरुवात पगारापासून करावी. अफगाणिस्तानात २००९ च्या सुमारास काही पोलिसांचा पगार मोबाइलवरून देऊन पाहिला, तेव्हा अनेकांना पगारवाढ झाल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात रक्कम तीच होती, मधल्या अधिकाऱ्यांचा हात तेवढा त्यातून निघाला होता. काँगोमध्येही युरोपीय संघाच्या मदतीने सैनिकांची मोजणी झाली आणि पगारवाटप हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यांकडून काढून वेगळे करण्यात आले. ज्या शिपायाच्या हाती पूर्ण पगार पडत नाही तो नाक्यावर लोकांना अडवूनच घर चालवतो, आणि मग सरकार कोणते व टोळी कोणती हे गावाला कळेनासे होते. वेतनदेयकातले प्रत्येक नाव मंजूर पदाशी जुळवून पाहण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. त्या कामाला मी कधीच किरकोळ मानले नाही.

शहादा :
धुळ्याच्या नानांच्या म्हणण्यात जमिनीच्या मुद्द्याची भर घालतो. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियातील युद्ध २००३ च्या करारानंतर थांबले, परंतु वहिवाटीने चालत आलेली गावाची सामाईक मालकी मान्य करणारा कायदा २०१८ मध्ये झाला. परागंदा झालेला माणूस परततो आणि त्याचे शेत दुसराच कसत असतो, तेव्हा त्याला दाद मागायला जागा लागते. धडगाव-अक्कलकुव्याकडे वनहक्काच्या दाव्यासाठी पावती, पंचनामा, ग्रामसभेचा ठराव सांभाळून ठेवणारी माणसे पाहिली की हे लगेच पटते.

चाळीसगाव :
दोन्ही मुद्दे मान्य. तरी निवडणूक फार लांबवता येत नाही. लायबेरियात २००५ पासून सरकारी खर्चावर परदेशी तज्ज्ञांची सहस्वाक्षरी लागत असे. तिजोरीची गळती रोखण्यासाठी ती आवश्यक होती, पण ज्यांना लोकांनी निवडलेले नाही त्यांच्या सहीवर देश किती काळ चालणार? त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या एलेन जॉन्सन सरलीफ यांना जाब विचारण्याचा हक्क मतदारांना होता, त्या तज्ज्ञांना विचारण्याचा नव्हता.