लोकलमधलं भजन बंद व्हावं का?

कर्जतचा पासधारक: काल डब्यात वाद झाला. भजन रंगात आलेलं, एका प्रवाशाने आवाज चढवला आणि टाळ पिशवीत गेले. कर्जत ते सीएसएमटी 100 किलोमीटर, जवळजवळ दोन तास. 22 वर्षं रोज जातोय. भिवपुरी गेलं की 'जय जय रामकृष्ण हरी', मग रूपाचा अभंग, पुढे गौळण. पखवाज नाही, पार्टिशनचा पत्राच बोटांनी वाजवायचा. विठ्ठलवाडी स्टेशन आलं की सगळ्यांचा आवाज आपोआप वाढतो. वडील गेले, तेराव्यानंतर कामावर निघालो, तेव्हा मंडळींनी काही विचारलं नाही. खिडकी दिली, टाळ हातात दिले. तोवर रडलो नव्हतो, त्या दिवशी गाता गाता रडलो. हे बंद व्हावं असं मला अजिबात वाटत नाही.

जाळीपलीकडची: मला वाटतं, व्हावं. तुमचा डबा आणि लेडीज डबा यांच्यात नुसती जाळी. टाळ थेट डोक्यात वाजतात. साडेतीनला उठून, दोन डबे भरून मी वांगणीला गाडी पकडते. दादरपर्यंत काय ती माझी झोप. देवाशी माझं भांडण नाही हो. पण देवळातून उठून जाता येतं, धावत्या गाडीतून कुठे जाऊ?

माळकरी: ताई, लोक मोबाइल मोठ्याने लावून बसतात, त्यांना कोणी बोलत नाही. अभंगच खुपतो.

जाळीपलीकडची: मी त्यांनाही सांगते, दादा. रोज सांगते.

अंबरनाथ, दुसरा दरवाजा: गाण्याचं राहू द्या, जागेचं बोला. बाकांवर रुमाल, पिशव्या, 'आमचा माणूस येतोय'. माझ्या आईला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तपासणीला नेत होतो. जागा रिकामी दिसत असून ती कल्याणपर्यंत उभी राहिली. तोंडी विठ्ठल आणि म्हाताऱ्या बाईला बसू द्यायचं नाही? पास सगळ्यांनीच काढलाय.

कर्जतचा पासधारक: रुमाल मीही टाकलेत. चुकलं. आईंना माझा नमस्कार सांगा. ते मंडळात बोलतो, आजच. ताई, भजन सोडवणार नाही, पण जाळीपासून लांब, दुसऱ्या टोकाला बसायला सांगतो.

जाळीपलीकडची: लांब बसा. आणि बदलापूर येईपर्यंत नुसत्या टाळ्या वाजवा. एकदा डोळा लागला की मग टाळांनी जाग येत नाही मला.