पिक लाइनमधून घरी औषध देताना सिरिंज कोणती आणि जोर किती?

प्रश्न (रामबाग, इंदूर):
माझ्या सासूबाईंच्या मणक्यात जंतुसंसर्ग झाल्यामुळे त्यांना सहा आठवडे रोज सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक शिरेतून द्यायचे आहे. त्यासाठी उजव्या दंडात पिक लाइन (दंडाच्या शिरेतून आत सरकवलेली लांब, बारीक नळी) घालून त्यांना घरी पाठवले आहे. घरी येणाऱ्या सिस्टर औषधापूर्वी दोन मिलीच्या सिरिंजने सलाइन ढकलून पाहतात. काल दट्ट्या जड जाऊ लागला तेव्हा त्यांनी जोर वाढवला आणि सलाइन आत गेले. हे योग्य आहे का? शेवटी नळीत हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) हवे की नुसते सलाइन पुरे, यावरही दोन सिस्टरांचे एकमत नाही.

उत्तर १ (अतिदक्षता विभागातील परिचारिका, इंदूर):
ताई, तुमची शंका रास्त आहे. पिक लाइन दंडातून आत शिरत असली तरी तिचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते, त्यामुळे सेंट्रल लाइनचे (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणाऱ्या नळीचे) सगळे नियम तिलाही लागू होतात. अंगठ्याचा जोर तोच ठेवला तरी सिरिंज जितकी बारीक तितका नळीतला दाब वाढतो आणि आत गुठळी अडकलेली असेल तर ती पुढे रेटली जाते किंवा नळीच फाटते. म्हणून लाइन मोकळी आहे का, हे १० मिलीच्या सिरिंजनेच पाहायचे असते. ती मोकळी असल्याची खात्री झाल्यावर मोजून द्यायचे औषध लहान सिरिंजमधून दिले तरी चालते.

आधी हात धुवावेत, मग लाइनचे टोपण स्पिरिटच्या स्वॅबने निदान १५ सेकंद घासून पूर्ण वाळू द्यावे. घाईत वाळण्याची वाट कोणी पाहत नाही, पण जंतू मरतात ते त्याच वेळात, म्हणून मी यावर अडून बसते. सिरिंजमधली हवा काढून टाकावी आणि जोडल्यावर दट्ट्या हलकेच मागे ओढून रक्त येते का ते पाहावे. रक्त आले नाही तर हाताची स्थिती बदलून किंवा त्यांना खोकायला सांगून पुन्हा पाहावे. तरीही आले नाही किंवा दट्ट्या जड लागला, तर औषध न देता डॉक्टरांना कळवावे. रक्त आले तर १० मिली सलाइन थांबत थांबत, छोट्या धक्क्यांनी द्यावे, मग औषध आणि पुन्हा सलाइन. कालचा अडथळा आजच कळवा. त्या हातावर बीपीचा पट्टाही बांधू देऊ नका.

उत्तर २ (औषधनिर्माता, इंदूर):
हेपरिनचा निर्णय लाइनच्या प्रकारावर ठरतो. टोकाला झडप असलेल्या काही लाइनना नुसते सलाइन पुरते, म्हणून डिस्चार्ज कार्डावर काय लिहिले आहे ते आधी पाहा. हेपरिन लिहिलेले असेल तर त्याची तीव्रता वाचा: वापरानंतर लाइन बंद करून ठेवताना सहसा मिलीला १० ते १०० युनिट वापरतात, तर दवा बाजारात मिळणाऱ्या पाच मिलीच्या कुप्या मिलीला १००० किंवा ५००० युनिटच्या असतात. त्या दिसायला सारख्याच वाटतात, म्हणून कुपी उघडण्याआधी लेबल दोघांनी मोठ्याने वाचावे आणि ती किती पातळ करायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

सेफ्ट्रियाक्सोन रिंगर लॅक्टेटमध्ये (सलाइनसारख्या, क्षार असलेल्या द्रवात) मिसळू नये आणि ती बाटली चालू असताना त्याच नळीतून देऊही नये, कारण तिच्यातल्या कॅल्शियममुळे साका तयार होतो.

प्रश्नकर्ती:
आज सिस्टरांना दहा मिलीची सिरिंज आणून दिली, त्यांनीही लगेच मान्य केले. मात्र सलाइन दिल्यावर अर्ध्या तासाने सासूबाईंना हुडहुडी भरली. आता अंग कोमट आहे. रात्रभर वाट पाहावी का?

उत्तर ३ (भूलतज्ज्ञ, इंदूर):
वाट पाहू नका. लाइनमधून काही दिल्यावर लगेच थंडी वाजणे हे लाइनमध्येच संसर्ग झाल्याचे लक्षण असू शकते, ताप कमी असला तरीही. तिच्यातून आणखी काहीही न देता त्यांना आत्ताच रुग्णालयात न्या. तिथे लाइनमधून आणि दुसऱ्या हाताच्या शिरेतून अशा दोन्ही ठिकाणच्या रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) एकाच वेळी पाठवायला सांगा, आणि अँटिबायोटिक बदलायचे झाले तर ते नमुने घेतल्यानंतरच सुरू व्हावे. क्रोसीन दिली असेल तर वेळ सांगा. वाटेत टोपण निघाले किंवा नळी चिरली, तर चिरलेली जागा आणि दंड यांच्यामध्ये चिमटा लावा, नसल्यास नळी दुमडून घट्ट धरा. तिथून हवा आत जाऊन दम लागला तर त्यांना डाव्या कुशीवर, डोके खाली करून निजवा आणि १०८ ला फोन करा.