एचआरला ‘आय कान्ट अफोर्ड टू वर्क’ असं लिहिलं तर चालेल का?

केतकी_सिन्नर
मॅटर्निटी लीव्ह संपतेय, पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय. आम्ही सिन्नरला, ऑफिस नाशिकला. हातात १८ हजार येतात. त्यात पाळणाघरवाल्या काकू ७ हजार मागतायत (दूध, खाऊ, डायपर आपलंच), व्हॅनचे ४, आणि सासूबाईंचे गुडघे धरलेत म्हणून पोळीभाजीला बाई लावायची तर तिचे ३. उरले ४, बाळ एकदा आजारी पडलं की तेही गेले. मिस्टर म्हणतात कशाला एवढी दगदग. एचआरला मेल करतेय, त्यात हे इंग्लिश वाक्य टाकू का, की उर्मट वाटेल?

बाकावरचा_बाब्या
उर्मट नाही वाटणार, पण एचआर वाचेल आणि विचारेल, ‘ओके, लास्ट वर्किंग डे कधी?’ तुला पगारवाढ हवीये, घरून काम हवंय की अजून काही, ते सरळ लिही ना. रडगाणं ऐकायला तिथे कुणाला वेळ नसतो.

स्मिता_ताई
ऑफिसात एकूण माणसं किती गं? ५० किंवा जास्त असतील तर पाळणाघराची सोय करणं कंपनीवर बंधनकारक आहे, मॅटर्निटीच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून, आणि दिवसातून ४ वेळा बाळाला बघून यायची मुभाही. ‘आपल्याकडे बायकाच कमी’ असं सांगून टोलवतील, ऐकू नकोस, ५० मध्ये पुरुषही मोजतात. घरून काम मात्र दोघांच्या संमतीने, आणि कामाचं स्वरूप तसं असेल तरच.

हिशेबनीस
हातातले १८ धरलेस, पीएफ कुठे गेला? तुझे १२ टक्के कापले जातात, वर कंपनीही घालते. ५ वर्षं व्हायला आली असतील तर ग्रॅच्युइटीपण (५ वर्षं भरली की नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम), आणि मॅटर्निटीचे २६ आठवडे त्यात धरतात, खंड पडत नाही. व्हॅन सोड, एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. आणि पाळणाघराचे सगळे ७ हजार तुझ्याच पगारातून का वजा करतेस, बाळ एकटीचं आहे का?

केतकी_सिन्नर
😂 शेवटची ओळ मिस्टरांना वाचून दाखवली, गप्प बसलेत. साठ-सत्तर माणसं आहेत आमच्याकडे, आणि मला साडेचार वर्षं झालीत, म्हणजे आत्ता सोडणं वेडेपणाच. मेलमध्ये पाळणाघर आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम एवढंच मागते. फक्त व्हॅनवाल्याला नाही कसं सांगू, तो शेजारचाच आहे.