टीका ठेवावी की काढावी? साताऱ्यातील एका व्यायाम-शिक्षिकेचा प्रश्न

अजिंक्यताऱ्याखालची (सातारा)

गेली ९ वर्षे मी साताऱ्यात स्त्रियांचे व्यायामाचे वर्ग घेते आणि ४ वर्षांपासून व्यायामाचे छोटे व्हिडिओही टाकते. गेल्या महिन्यात एका व्हिडिओत मी सांगितले की, बाळंतपणाला सव्वा महिना झाला की दोरीवरच्या उड्या सुरू करायला हरकत नाही. त्याखाली पन्नासेक प्रतिक्रिया आल्या. बहुतेक माझ्या कपड्यांबद्दल, दंडांबद्दल आणि ‘आधी स्वतःचे पोट कमी करा’ अशा होत्या. त्यांतच एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी लिहिले होते की, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू इतक्या लवकर सावरत नाहीत, उड्या आणि धावणे निदान १२ आठवडे टाळावे आणि सिझेरियन झालेल्या बाईला तपासणीशिवाय असा सल्ला मुळीच देऊ नये. त्या रात्री मी इतकी वैतागले होते की सगळ्याच प्रतिक्रिया सरसकट काढून टाकल्या.

दहा दिवसांनी वर्गातली एक मुलगी उड्या मारता मारता थांबली, बाथरूमला जाऊन आली आणि हळूच म्हणाली, “ताई, उडी मारली की थेंब थेंब लघवी होते, पण बाळंतपणानंतर एवढे चालायचेच ना?” मला त्या काढून टाकलेल्या ओळी तेव्हा शब्दशः आठवल्या. मी तिच्या उड्या बंद केल्या, तिला तपासणीसाठी पाठवले, चूक कबूल करणारा नवा व्हिडिओ टाकला आणि त्या बाईंची जाहीर क्षमा मागितली.

आता मी असा नियम केला आहे की, मी जे सांगते त्यावरची टीका कितीही कडवट असली तरी काढायची नाही, आणि माझ्या शरीरावरचे लिखाण क्षणभरही ठेवायचे नाही. हा नियम योग्य आहे का?

माणदेशी (दहिवडी)

ताई, चूक कबूल केलीत याबद्दल आदर आहे, पण नियमाचा दुसरा भाग मला पटत नाही. आमच्याकडे पोरगा तालमीत घालण्याआधी वस्तादाचे अंग पाहतात. तुम्ही फी घेता, आणि या व्यवसायातली मंडळी जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रे लावतात. म्हणजे शरीर हाच पुरावा म्हणून तुम्हीच पुढे करता. मग ग्राहकाने त्या पुराव्याबद्दल विचारले तर तो अपमान कसा? शिवाय आरोग्याबद्दल तज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्याने आपली पात्रता सांगावी, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे. उद्या कोणी तुमचे प्रमाणपत्र विचारले, तर तेही ‘वैयक्तिक’ म्हणून निघून जाईल, ही माझी भीती आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

माझे वडील तालमीत जात. त्यांच्या वस्तादांचे वय साठीपुढचे होते, गुडघे गेलेले आणि पोट सुटलेले. पण त्यांना कधी कोणी ‘आधी स्वतःचे पोट बघा’ म्हटले नाही, कारण डाव त्यांच्या डोक्यात आणि नजरेत आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होते. हाच मान शिकवणाऱ्या बाईला का मिळत नाही, याचे उत्तर माणदेशी यांनी द्यावे. प्रमाणपत्राचा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कोणी विचारण्याआधीच ठळकपणे लिहिलेले असावे.

माणदेशी (दहिवडी)

वस्तादांचा मुद्दा मान्य. छायाचित्रांचा मुद्दा मी सोडत नाही.

मिरजेतली डॉक्टर

माझा आक्षेप वेगळ्या बाजूने आहे. ताई, तुमचा नियम तुमच्या शरीराला जपतो, पण तुमच्यासमोर उभ्या असलेल्या बायकांच्या शरीराचे काय? व्यायाम शिकवणारे अनेक जण ‘आळस झटका’, ‘कारणे सांगू नका’ असे सर्रास म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमच्या वर्गात वीस जणी असतील, तर धापा टाकत मागे राहणारीचे हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता तिच्या आळशीपणापेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि तिला गरज उपदेशाची नसून रक्ततपासणीची आहे. अशी बाई रागाने चार शब्द लिहील तेव्हा ते कदाचित असभ्य असतील, पण ते काढण्याआधी दोनदा वाचा.

वर्ग सोडलेली (कोरेगाव)

येथे सगळे शिक्षिकेबद्दल बोलत आहेत, म्हणून लिहिते. मी एका वर्गाला जात होते. तिथल्या व्हिडिओत मी शेवटच्या रांगेत दिसत होते. खालच्या घाणेरड्या प्रतिक्रिया शिक्षिकाबाईंनी धैर्य म्हणून तशाच ठेवल्या. त्या माझ्या दिरांनी वाचल्या, घरात विषय निघाला आणि माझा वर्ग बंद झाला. त्यातली एकही ओळ माझ्याबद्दल नव्हती, तरी किंमत मी मोजली. अशा प्रतिक्रिया तातडीने काढाव्यातच, आणि मुळात विचारल्याशिवाय कोणाला व्हिडिओत घेऊ नये.

सांगलीचा वकील

काढाव्यात, पण आधी दिनांक, वेळ, खात्याचे नाव आणि दुव्यासह त्यांची छायाप्रत ठेवावी. स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने केलेले शब्द किंवा हावभाव भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली येतात. नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे किंवा ऑनलाइन पाळत ठेवणे कलम ७८ खाली येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर महिला व बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

साहेब, कायदा बरोबर आहे, पण लहान शहरात पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या बाईबद्दल दुसऱ्या दिवशी किती बोलले जाते, तेही मोजा. तक्रार करायची की नाही, हे त्या बाईवर सोडावे.

अजिंक्यताऱ्याखालची (सातारा)

माणदेशी दादा, ‘आधी-नंतर’ची तीन छायाचित्रे माझ्याही वर्गाच्या फलकावर होती. ती आज उतरवली, कारण तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर नव्हते. त्या जागी माझे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राचे वर्ष लिहिते. माझ्या पोटावरच्या प्रतिक्रिया मात्र मी काढतच राहीन. डॉक्टर, नव्या तुकडीत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या आठवड्यात हिमोग्लोबिन तपासून यायला सांगणार आहे, आणि ‘आळस’ हा शब्द मी वर्गात वापरते हे तुम्ही न पाहताच ओळखलेत.

कोरेगावच्या ताई, तुमचे लिहिलेले वाचून मी माझे जुने सगळे व्हिडिओ उघडून बसले आहे. अकरा व्हिडिओंत मागच्या रांगेतल्या बायकांचे चेहरे दिसतात. त्यांतल्या चौघींना आतापर्यंत फोन केला. दोघींनी राहू द्या म्हटले, दोघींचे व्हिडिओ काढले. उरलेल्यांना उद्या सकाळच्या वर्गानंतर विचारते.