मदत हवी आहे: दिवसभर घरी कोणी नाही, कुत्र्याला मळ्यात पाठवू का? (नाशिक)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडं लांबेल.

आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो, तिसरा मजला. घरात मी, बायको आणि गोट्या. गोट्या गावठी, तपकिरी, वय ६. पावसाळ्यात बाबांच्या स्कूटरखाली येऊन बसला होता, तिथून वर आला तो आलाच. खरं तर तो बाबांचाच. आम्ही शनिवार-रविवारी लाड करणारे.

बाबा मार्चमध्ये गेले. आई पुण्याला बहिणीकडे आहे. तिने कुत्र्यासाठी परत यावं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

माझी कंपनी सिन्नरला, मुसळगाव एमआयडीसीत. सातला घर सोडतो, परत यायला साडेसहा, द्वारका चौकात अडकलो तर सात. बायको बँकेत, ती सव्वानऊला निघते आणि माझ्या आगेमागेच येते. म्हणजे रोज साडेनऊ तास गोट्या एकटा. पहाटे साडेपाचला मी फिरवतो, बायको निघण्याआधी एकदा खाली नेऊन आणते. घरात घाण करत नाही, बिचारा धरून ठेवतो. (ते बरोबर आहे का, हाही प्रश्न आहेच.)

तक्रार आहे रडण्याची. खालच्या मजल्यावरच्या ताईंनी सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा रेकॉर्डिंग टाकलं. त्यांचं बाळ ७ महिन्यांचं, दुपारी उशिरा झोपतं, आणि सव्वाचार झाले की आमच्याकडून भोंगा सुरू. त्या भांडल्या नाहीत, ते जास्त लागलं. चेअरमनसाहेब मात्र ‘महिनाअखेरपर्यंत बंदोबस्त करा’ म्हणाले. शिवाय मुख्य दाराची चौकट त्याने खालून कुरतडली आहे. गंमत म्हणजे बाकी घरात एका वस्तूला तोंड लावलेलं नाही, माझ्या चपलासुद्धा सुरक्षित.

करून पाहिलेलं: टीव्ही चालू ठेवला, उपयोग नाही. गॅलरीत बांधून ठेवला, दोन दिवसांत बंद केलं. दिवसभर सांभाळणाऱ्या एका ठिकाणी चौकशी केली, महिन्याचा आकडा ऐकून गप्प बसलो.

आता मामा. त्याचा निफाडकडे मळा आहे, द्राक्षबाग आणि थोडा ऊस. तो म्हणतो, ‘आणून सोड भाच्या इकडं, मोकळा राहील, राखणपण होईल.’ सगळ्या नातेवाइकांचं हेच मत. बायको म्हणते, गोट्याला सोडलंस तर मीही तिकडेच जाते.

काय करावं? ज्यांनी नोकरी सांभाळून कुत्रा पाळलाय त्यांनी खरं काय ते सांगा.

स्पष्टच_बोलतो
वेळ नाही तर पाळू नये. एवढं साधं आहे.

धागाकर्ता
मी पाळला नाही हो. मला तो वारशात मिळालाय.

कादवाकाठ
मी निफाड तालुक्यातलाच, म्हणून बोलतो. मामांचा हेतू चांगला आहे, पण मळ्यात अजिबात पाठवू नका. आमच्याकडं उसात बिबट्या राहतो, तिथंच पिल्लं घालतो. रात्री राखणीला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट. सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली होती. त्याच्या पोटात काय जातं तर वजनाच्या हिशेबात ३९ टक्के पाळीव कुत्रीच. शेळ्या-वासरं त्याच्या खाली. आमची स्वतःची दोन गेली. एकाची फक्त साखळी राहिली होती.

मळ्यातली कुत्री लहानपणापासून तिथं वाढतात, त्यांना वास कळतो, रात्री पडवीत घुसतात. फ्लॅटमधल्या सहा वर्षांच्या कुत्र्याला काय कळणार? वर बागेत फवारणी चालू असते. आणि द्राक्षाचे गळालेले मणी खाल्ले तर कुत्र्याच्या किडनीवर जातं, हे आमच्या बऱ्याच लोकांना अजून माहीत नाही.

चौपायी
कादवाकाठ यांना अनुमोदन. द्राक्ष, बेदाणे आणि कांदा (कांद्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात), म्हणजे नाशिक जिल्ह्याची दोन्ही मोठी पिकं कुत्र्याला विष. शेजारीपाजारी कोणी ‘प्रसादाचा शिरा’ देत असेल तर बेदाणे बघा.

मुद्द्याचं. धडधाकट मोठा कुत्रा दिवसाचे बरेचसे तास झोपूनच काढतो, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांनी कुत्रा पाळूच नये हे मला पटत नाही. पण लघवीसाठी साडेनऊ तास फार होतात. सहा, फार तर आठ. वय वाढेल तसं ते आणखी कमी होणार, तेव्हा मधे एकदा कोणीतरी खाली न्यायलाच हवं. गॅलरीत पुन्हा बांधू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो.

आणि पहाटेचं फिरणं नुसतं पाय मोकळे करणं नको. वास घेऊ द्या, हव्या त्या खांबापाशी थांबू द्या. त्याचं डोकं दमलं पाहिजे.

सहकारी_गृह
चेअरमनला उत्तर म्हणून: भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना वाचून ठेवा. सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. रेबीजच्या लशीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना मात्र हाताशी असू द्या.

धागाकर्ता
धन्यवाद. मळ्याचा विषय संपला, मामाला आज फोन करून सांगितलं. तो म्हणाला, ‘हां, बिबट्या तर आहेच.’ जणू मी मांजर आहे का विचारलं!
चेअरमनशी कायद्याने भांडेन हो, पण त्या ताईंच्या बाळाला तो कागद दाखवून झोप येणार नाही.

अबोली_०७
मला कुत्र्यांमधलं फारसं कळत नाही, मांजरवाली आहे. पण तुमचाच धागा परत वाचला. तुम्ही सव्वानऊला घर बंद करता आणि ताई म्हणतात सव्वाचारला सुरू होतं. मधले सात तास तो काय करतो? आणि कुरतडली ती फक्त मुख्य दाराची चौकट. चारला काय असतं तुमच्याकडे?

चौपायी
अबोली, बरोब्बर पकडलंत. एकटेपणाची भीती असलेला कुत्रा साधारणपणे माणूस बाहेर पडल्या पडल्या अर्ध्या तासात गोंधळ घालतो. धागाकर्ते, जुना फोन असेल तर दाराकडे तोंड करून चार्जिंगला लावून ठेवा आणि एक दिवस रेकॉर्ड करा.

धागाकर्ता
उत्तराला दोन दिवस लागले. रेकॉर्डिंग पाहिलं.

बायको गेल्यावर दहा मिनिटं दारापाशी. मग सोफ्याखाली जाऊन झोपला. एकदा उठून पाणी प्यायला, परत झोपला. पावणेचारला उठला, आळस दिला, शेपटी हलवत दारापाशी जाऊन बसला. चार वाजून बारा मिनिटांनी पहिला सूर लावला.

बाबा चारला चहा घ्यायचे आणि त्याला खाली न्यायचे. सहा वर्षं, रोज. मी कधीच चारला घरी नसायचो, म्हणून डोक्यातच आलं नाही.

अबोली_०७
मग त्याला दिवसभर सोबत नकोय. चारला कोणीतरी हवंय.

कादवाकाठ
सोसायटीत कोणी रिटायर्ड माणूस बघा. पैसे देऊन पोरगा ठेवाल तर तो आठ दिवस येईल, मग दांड्या.

धागाकर्ता
बी विंगमध्ये बाबांचे जोडीदार काका आहेत, वय ७१. रोज दोघं मिळून गोट्याला घेऊन जायचे. मार्चपासून काका खाली फिरायलाच उतरले नव्हते, असं काकू म्हणाल्या. काल विचारलं. पैशाचं नाव काढल्यावर रागावले. आज किल्ली दिली, सोमवारपासून येतील. त्याआधी शनिवार-रविवारी चारला मीही बरोबर जाणार आहे.

खालच्या ताईंनाही सांगून आलो की आणखी आठवडाभर कळ काढा.

आता एकच शंका: गोट्या मांजर दिसलं की जोरात ओढतो आणि काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गळ्यातला पट्टा ठेवू का दुसरं काही घेऊ?

चौपायी
गळ्याचा नको. छातीवरून येणारा हार्नेस घ्या, दोरी पुढे छातीपाशी अडकवायची कडी असलेला. ओढलं की तो आपोआप बाजूला वळतो, काकांना हिसका बसत नाही. छातीचं माप घेऊन जा, दोन बोटं आत जातील एवढा सैल. आणि लांबणारी-आटणारी दोरी घेऊ नका, साधी पाच-सहा फुटी बरी. दोन दिवस घरातच घालून सवय करा.

धागाकर्ता
माप घेतलं, २६ इंच. उद्या संध्याकाळी आणतो.