पोकर: बबलवर सत्त्यांची जोडी फोल्ड केली, चुकलं का?

राजेंद्रनगरवाला (इंदूर): गोव्यातली लाइव्ह टूर्नामेंट. 10 जण उरले, बक्षीस 9 जणांना, म्हणजे बबल: आणखी एक बाहेर गेला की बाकी सगळे बक्षिसात. मी बिग ब्लाइंडवर (पत्ते बघायच्या आधीच 1 ब्लाइंड सक्तीने लावायची जागा), तो धरून माझ्याकडे 14 ब्लाइंड. बटनावरच्या (डीलरच्या जागेवरच्या) सगळ्यात मोठ्या स्टॅकवाल्याने, म्हणजे सगळ्यात जास्त चिप्स असलेल्याने, ऑल-इन केलं, सगळ्या चिप्स लावल्या. तो कसलेही पत्ते घेऊन ऑल-इन ढकलत होता. मी हातातल्या दोन सत्त्या फोल्ड केल्या, म्हणजे टाकून दिल्या. सराफ्यात भेटलेले मित्र अजून डरपोक म्हणतात.

पत्तेशौकीन: भिया, बाकीच्यांचे स्टॅक सांग ना! त्याशिवाय काय बोलायचं?

राजेंद्रनगरवाला: दोघे 2-3 ब्लाइंडवर लटकलेले.

रामबागची काकू: मग फोल्डच रे. अँटी (प्रत्येक डावाची सक्तीची छोटी रक्कम) सोडली तर तू आणखी 13 घालून पॉट 28.5 चा होतो: तुझे 14, त्याचे 14, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा. नुसत्या चिप्सच्या हिशोबात कॉल करायला, म्हणजे त्याच्याइतकं लावायला, जिंकायची 46 टक्के शक्यता पुरते, मान्य. पण बबलवर हरलेली चिप जिंकलेल्या चिपेपेक्षा महाग पडते, आयसीएम (चिप्सची बक्षिसाच्या पैशात किंमत काढायचं गणित) तेच मोजतं. दोन मोठ्या पत्त्यांपुढे सत्त्या जेमतेम अर्ध्याच्या वर. आणि ते दोघे मरायला टेकलेले असताना तू कशाला पुढे जातोस? एक्के असते तर कॉल, तिथे विचार कसला.

पत्तेशौकीन: काकू, सॅटेलाइटमध्ये (मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट जिंकायच्या स्पर्धेत) एक्केसुद्धा फोल्ड करतात कधीकधी.

रामबागची काकू: हो, तिथे सगळ्यांना तिकीट सारखंच. जास्त चिप्सचं काय लोणचं घालायचं?